दारू सांडली

रविवारी क्लबात सामना, म्हणून वीस काडतुसं.
फक्त वीस.
बत्तीस वर्षं कारखान्याच्या पट्ट्यावरून
माझ्यासमोरून गेली त्यांची मोजदाद नाही,
मी वाकडी तेवढी उचलायचो,
दोन बोटांनी, गप्पा मारता मारता.

आता दत्तवाडीत, मागच्या खोलीत,
शिवणयंत्राच्या टेबलाला आवळलेला प्रेस,
परवाना पाकिटात, चष्मा कपाळावर
आणि नवतपाचा तिसरा दिवस.

पहिली पुंगळी साच्यात गेली ती गेलीच.
तेल लावायचं राहिलं होतं.
ओढली, तर बूड फाटून हातात आलं
आणि धड आत, किडक्या दाढेसारखं.
ती काढण्यात सहा वाजले.

मग तराजू.
इतवारीतल्या सराफानं मागून न्यावा असा,
गुंजेच्या अंशालाही जागतो.
पण समोर कूलर.
वाळ्यातून झुळूक आली की काटा
कीर्तनात बसल्यागत मान डोलावतो.
कूलर बंद केला,
तर नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब
बरोब्बर पारड्यात.
कूलर चालू. बंद. चालू.
इंदू दारातून म्हणाली,
"त्याले तरी सुखानं जगू द्या."

सातव्या पुंगळीला लाईन गेली.
कोपर लागलं, डबा आडवा.
"दारू सांडली!"
ओरडू नये इतक्या जोरात ओरडलो.
कुंपणापलीकडून लांजेवार:
"काहून भाऊ, उरली का थोडीशी?"
आणि आलाच, मदतीला, हातात पेटती मेणबत्ती.
"तिथंच थांब! एक पाऊल पुढं टाकू नको!"
थांबला. मग हळूच मागे फिरला.
त्याला वाटलं, मला एकट्यालाच प्यायची आहे.

टॉर्चच्या उजेडात ओल्या फडक्यानं फरशी टिपली.
तेवढ्यात टोप्यांची थाळी तिरकी.
शंभर होत्या. वेचल्या, मोजल्या, नव्व्याण्णव.
आजवर मला पुष्कळांनी टोपी घातली,
पण टोपीनंच घालावी?

साडेनऊला लाईन आली.
दहाला वीस काडतुसं ओळीत, चकचकीत,
आणि तेव्हा, फक्त तेव्हा, ती शंका:
अंधार झाला तेव्हा हातात होती
तिच्यात दारू भरलेली होती,
की भरायची होती,
की दोनदा?
हलवून कानाशी धरली. नारळ नाहीत ती.
कारखान्यात अशा वेळी साहेब नुसतं बोट दाखवायचे
आणि अख्खा ढीग बाजूला,
कुणी तोंड वर करून विचारायचं नाही.
इथं साहेब मीच.
दाखवलं बोट.

पोकळ हातोडा. ठक्. ठक्.
गोळी वेगळी, दारू वेगळी, पुंगळी वेगळी.
वरच्या मजल्यावरून कुणी तरी खुर्ची आपटली.
एकोणीस उघडली, मापं बरोबर.
विसावं उघडलं.
तेही बरोबर.

इंदूला म्हटलं, उद्या खोलीत झाडू मारू नकोस,
एक टोपी सापडत नाही.
"पस्तीस वर्षांत हे पयल्यांदा ऐकून राहिली,"
म्हणाली, आणि कूलरसमोर झोपून गेली.

मी दिवाणाखाली पालथा, टॉर्च दातांत.
एक चिंचोका.
शर्टाचं बटण.
मृण्मयीचा हरवलेला सोंगटीचा हत्ती.