चारशे साठ

तिसा नदी जिथे आळसावून रुंद होते
तिथल्या कारखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
सारोल्ता केरेकेश रंग मोजते.

वरच्या मजल्यावर मिरचीच्या भुकटीतून द्रावक फिरवतात,
मग तो तापवून, खेचून, पार उडवून लावतात.
तळाशी उरतं काकवीसारखं दाट काहीतरी,
जवळजवळ काळं.
पळी कलती केली की मगच
कडेला लाल फुटतो.

त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब
ती अ‍ॅसिटोनमध्ये विरवते,
काचेच्या चौकोनी कुपीत भरून यंत्राला विचारते,
चारशे साठवर किती उजेड अडवलास, बाबा?
यंत्र आकडा सांगतं. ती वहीत लिहिते.
उरलेला द्रावक : हद्दीच्या आत.
तिखटपणा : जवळपास नाही,
जिभेला टेकवलं तर उन्हात विसरलेला टोमॅटो.
शिसं : दहा लाखांत दोन भागांहून कमी.
हा शेवटचा रकाना ती दोनदा तपासते.
तसं तिला कुणी सांगितलेलं नाही.

इथून पिंपं निघतात
चीजकडे, चिप्सकडे, कोंबड्यांच्या खाद्याकडे,
बलक केशरी निघावा म्हणून.
एकदा प्राणिसंग्रहालयातून चिठ्ठी आली :
आमचे रोहित पक्षी फिकुटलेत, थोडं पाठवा.
ती चिठ्ठी तिनं फळीवर चिकटवून ठेवली आहे.
कंटाळा आला की वाचते.

शनिवारी, झोंबोरच्या दुकानात,
एका बाईनं सॉसेज उलटं करून बारीक अक्षरं वाचली.
"ई एकशे साठ सी? नको ते रसायन.
लहान मूल आहे घरात.
काउंटरखालचं दे, विनालेबलचं, घरगुती."
झोंबोरनं सारोल्ताकडे पाहिलं.
"मिरचीच आहे ती," सारोल्ता म्हणाली,
"तेलात उतरलेली. आकडा हे तिचं दप्तरातलं नाव.
शिळ्या मांसाला ताजं दाखवायला कुणी फासली असेल
तर मात्र घेऊ नका. तोंडावर फेका त्याच्या."
"आणि विनालेबलचं?"
सारोल्ता सुटे पैसे मोजत राहिली.

विनालेबलचं तिनं खाल्लंय.
बारा वर्षांची होती. देझ्यो मामा
बाजाराच्या टोकाला उभ्या अनोळखी ट्रकवरून
अर्ध्या भावात पोतं घेऊन आला.
माशांचं सूप इतकं लाल कधीच झालं नव्हतं.
कार्पच्या तुकड्यांभोवती सूर्यास्त उकळत होता
आणि तीच म्हणाली होती, अजून घाल ना, मामा,
किती सुंदर दिसतंय.

फिकट मिरचीत कुणीतरी शेंदूर कालवला होता.
शिशाचा शेंदूर,
पुलाच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून देतात तो.
आधी पोटात पीळ पडले,
मग हिरड्यांवर निळसर रेघ उमटली,
मग मामाचं मनगट लुळं पडलं.
सही करताना पेन गळायचं
आणि तो टेबलाखाली वाकून शोधत बसायचा,
पेन समोरच असायचं.
शेवटपर्यंत म्हणत होता,
रंगावरून तर चांगली वाटली होती गं.

जिन्याखालच्या खोलीच्या खिडकीत
तिनं एक कुपी मुद्दाम उन्हात ठेवली आहे,
तिच्या हातच्या पहिल्या नमुन्याची.
आठवड्यागणिक उतरते. आधी गेरू, मग मध,
आता वाळल्या गवताइतकी.
नवीन पोरं विचारतात, फेकून देऊ का ही?
राहू दे, म्हणते.

घरी, चमच्यांच्या खणात, अगदी मागे,
मामाचा लाकडी डाव आहे.
तिनं तो घासला, उकळला, एक अख्खा उन्हाळा
गच्चीवर टाकून पाहिला.
दांड्याच्या खाचेतला लाल
तीस वर्षांत
तसूभर हललेला नाही.