पस्तीस पॉइंट दोन

बाहेर सोहारच्या रस्त्यावर रात्री अकराला एकेचाळीस.
आत एकोणीस.
डॉक्टर घस्सानना गाऊनमध्ये घाम फुटतो
म्हणून आणखी एक खाली. अठरा.
भिंतीवरचं ते बटण म्हणजे आमचं जुनं भांडण,
मी बोलत नाही, कोपऱ्यातलं ब्लँकेटचं मशीन ओढून घेते.

टेबलावर हाडिबंधू साहू, जिल्हा गंजाम,
मासळीच्या कोल्ड स्टोअरेजात सात वर्षं,
उणे अठरात सुरमईच्या पेट्या मोजणारा.
आतडं फुटलेलं, पोट फळीसारखं,
तरी मला म्हणाला, "मॅडम, ठंडी की हमको आदत है."
बरं म्हटलं. मास्क लावला.
त्याला कुठे सांगत बसू,
पहिल्यांदा सवयच झोपते.

दुधासारखं औषध शिरेत गेलं
आणि पापण्या मिटायच्या आतच
आतला वॉचमन खुर्ची सोडून निघून गेला.
मग काळजाजवळ काटकसरीनं राखलेली ऊब
सैल सुटली हातापायांकडे,
शाळा सुटल्यासारखी.
तळवे छान गुलाबी झाले.
उधळ्या माणसाचा चेहरा
सुरुवातीला छानच दिसतो.

श्वास आता मी भरायचा.
तो वजनावरून नाही, उंचीवरून मोजतात:
माणूस उपासानं वाळो की बसून सुटो,
फुप्फुसं वाढत्या वयात मिळाली तेवढीच.
फॉर्मवर उंचीची जागा कोरी.
कंपनीला त्याचा कार्ड नंबर ठाऊक, बुटाचं माप ठाऊक,
उंची नाही.
शमसानं शिंपिणीसारखी टेप लावली टाचेपासून टाळूपर्यंत.
एकशे बासष्ट.
म्हणजे चारशे दहा मिलिलिटर, मिनिटाला चौदा,
आणि खाली पाचाचा टेकू,
श्वास सोडताना फुप्फुस पुरतं मिटू नये म्हणून.

पोट उघडलं. वाफ दिसत नाही, पण जाते.
छत्तीस पॉइंट चार.
पस्तीस नऊ.
पस्तीस पॉइंट दोन.
अशा वेळी माणसानं थरथरायचं असतं, दात वाजवायचे असतात.
ते मीच काढून घेतलंय, एका छोट्या सिरिंजनं.
पडद्यावरची कार्बन डायऑक्साइडची टेकडी बुटकी झाली, तीस.
गारठलेली चूल धूरही कमी करते.
चौदाचे अकरा केले.

"रक्त का थांबत नाही?" घस्सान स्पंज दाबत विचारतात.
"गारठलंय," मी म्हटलं, "तेही."
ते माझ्याकडे बघतात, मग भिंतीकडे.
"शमसा, तेवीस कर."
एवढंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा अठरा असणार.

नळीतून त्रेचाळीसची हवा, कागदी ब्लँकेट पुरीसारखं फुगलेलं,
सलाईन कोमट, पोट धुवायचं पाणीही कोमट.
मिरजेला लोखंडे सिस्टर सांगायच्या,
आकडा वाच, पण पाय धर.
म्हणून अधूनमधून चादरीखाली हात घालून
हाडिबंधूचा अंगठा धरते.
नखाशेजारी बर्फानं जाळल्याचा जुना काळा डाग,
त्या सवयीची एवढीच पावती.
पाऊण तास पस्तीस पॉइंट दोन.
मग तीन.
मग बराच वेळ तीनच.

अडीचला छत्तीस.
जरा थांबून नळी काढली. खोकला. डोळे न उघडताच
हनुवटी थडथडायला लागली, टेबलाच्या कड्या वाजल्या.
"ठंडी? ठंडी?" शमसा वाकून विचारते.
तो मान हलवतो. नाही.
सगळं अंग हो म्हणत असताना
एकटी मान नाही म्हणते.
मी दुसरं ब्लँकेट टाकलं.
वॉचमन परतला होता,
गेटवर काठी आपटत, उशिरा,
आपण नव्हतोच असं कुणाला कळू नये म्हणून
जरा जास्तच जोरात.

सातला ड्यूटी सुटली.
दार ढकललं तशी समुद्राची दमट हवा तोंडावर आली,
चष्मा पांढरा झाला.
लगेच पुसला नाही.
बोटं अजून गारच होती,
काखेत धरून उभी राहिले पार्किंगमध्ये,
काही न दिसता.