पाणरेषा

दवाखान्यातला काटा दोनशेला संपायचा.
म्हणून सिलासला पहिल्यांदा मोजलं ते
धक्क्यावरच्या मासळी कारखान्यात,
हॅलिबटच्या तराजूवर, रविवारी,
कोणी नसताना.
लिअँडरने आकडा पावतीच्या मागे लिहिला,
घडी घालून माझ्या हातात दिली
आणि म्हणाला, आज वारा पडलाय.

कॉर्नर ब्रूकला जाताना
तीन तास गाडीत तो गप्प.
बोलणी खायच्या तयारीने बसलेला.
उभ्या जन्मात या माणसाने
सगळ्यात जास्त काही खाल्लं असेल तर ती बोलणी:
शाळेत, बोटीवर, भावाच्या लग्नात,
एकदोनदा माझ्याही हातची.

डॉक्टर ओसमंडबाईंनी विचारलं, भूक कुठे लागते?
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
पोटात नाही. इथे. कपाळाला बोट लावलं.
जेवून उठलो तरी कावळे ओरडतच असतात.
त्या लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
मग आधी कावळ्यांचं बघू.

आता दर गुरुवारी फ्रिजमधून,
रानबेरीच्या मुरंब्याशेजारून,
मी पेन काढते. पोटाची चिमूट धरायची,
दहा अंक मोजायचे.
पहिल्या महिन्यात ओकाऱ्या,
डोस वाढला की पुन्हा पहिल्यापासून.
रक्त द्यायला दर सहा आठवड्यांनी तेच तीन तास.
लोक म्हणतात, सुई काय, सोप्पंय.
लोकांनी यावं एकदा रात्री दोनला,
खारवलेल्या मांसाची रिकामी बादली धरायला.

मग एका सकाळी तो ताटासमोर थांबला.
काकवी घातलेली तळलेली पोळी, अर्धी.
काय झालं?
ऐक, म्हणाला.
मला काहीच ऐकू आलं नाही.
तेच, म्हणाला.

मी काही नाचले नाही, खरं सांगते.
अठ्ठावीस वर्षं मला जे सांगायचं होतं
ते मी पिठातून सांगितलं.
आता मापं निम्मी, ओव्हन लवकर गार.
अंथरुणात त्याची बाजू खोल असायची,
मी झोपेतच घरंगळत जायचे त्याच्याकडे.
आता जावं लागतं.

परवा होडी काढली.
पूर्वी तो मागे बसला की माझं टोक वर,
मी आभाळात, तो पाण्यापाशी,
ओरडून बोलायचो.
परवा मला त्याच्या भुवया दिसत होत्या.
मागच्या अंगाची लाल रेघ,
दर वसंतात तो स्वतः रंगवायचा,
त्याच्या भाराने पाणी चढे तिथवर,
ती चार बोटं वर राहिली होती, कोरडी.
सिलास वाकून तिच्यावर हात फिरवत राहिला,
ओळखीच्या कुत्र्यावर फिरवावा तसा.
किती उरलंय अजून? विचारलं त्याने.
वजन, की दिवस, की डब्यातलं, कळलं नाही.
डब्यात दोन उकडलेली अंडी होती.
एक सोलून त्याला दिलं.