गुलाबी हात

पार्सल सोडवायला साडेअकराशे रुपये कस्टम भरला.
पोस्टातल्या इनामदारबाईंनी विचारलं, आत काय आहे?
म्हणालो, माणूस.
चार इंची. ब्राझीलचा. डावा हात नाही.
त्यांनी सही कुठे करायची ते दाखवलं
आणि पुढच्याला हाक मारली.

मी मिरजेत कवळ्या बनवतो.
दवाखान्यांचं गाव, तोंडांना तोटा नाही.
रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढतो,
जबड्यांच्या साच्यांमागचं कपाट उघडतो.
एकूण एकेचाळीस.
जपानचा यंत्रमानव, छातीचं दार न लागणारा.
स्पेनचा पाणबुड्या,
ज्याचं प्लास्टिक दर आषाढात घामेजतं.
त्याला कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश,
गिऱ्हाइकाला कवळीसोबत देतो तोच.
मग सावलीत वाळवण.
उन्हात पांढरा माणूस पिवळा पडतो,
हे एक गमावल्यावर कळलं.

हा नवा, अमेरिकेत निळा होता.
नाव दुसरं होतं, लढाईतली बाजूही दुसरी.
मग साचा जहाजात बसून खाली गेला,
तिथे जो रंग स्वस्त पडला तो ओतला,
पुठ्ठ्यावर नवं नाव छापलं.
जेवताना हे सगळं शशिकलाला सांगितलं.
ती म्हणाली, म्हणजे लग्न झालं त्याचं.
आणि आमटी वाढली.

पायांतलं रबर तुटलं होतं.
सतारमेकर गल्लीत गौसभाई भोपळ्याला कान लावून बसलेले.
शिपाई उलटा धरून म्हणाले,
कमरेत ढिला आहे. पण फार ताणू नका, आवाज जाईल.
याला कुठला आवाज?
उभा राहतो ना, तोच.

हात मी केला.
आधी मेणात कोरला, मग हिरडीच्या मसाल्यात ओतला,
उकळला, घासला, बोटांच्या फटी सुईने मोकळ्या केल्या.
हिरवा रंग कोल्हापुरात मिळाला असता.
गेलो नाही.
आता अख्खा शिपाई हिरवा
आणि डावा हात हिरडीसारखा गुलाबी,
जणू नुकताच कुठून तरी उगवलेला.
जाणकार म्हणतील किंमत गेली.
गेली.

वहीत प्रत्येकाची दोन नावं लिहितो,
तिकडचं आणि नंतरचं.
त्या रात्री बेचाळिसावी ओळ लिहिताना
पेन थांबलं.
आमच्या लग्नात ताटातल्या तांदळावर
आईने अंगठीने नाव काढायला लावलं होतं मला.
मी वळणदार अक्षरात काढलं. सगळ्यांनी कौतुक केलं.
त्याआधी ती चोवीस वर्षं कुमुद होती.
माहेरचा फोन आला की अजून असते,
दार लोटून, हलक्या आवाजात.

वही न मिटताच विचारलं,
यातलं तुला कुठलं नाव आवडतं?
ती मच्छरदाणी खोचत होती.
एक कोपरा हातात तसाच धरून म्हणाली,
कुणाचं?