संदर्भ हवा

कोपरखैरण्याच्या वाचनालयात
मार्चअखेरीला अनुदान संपवायचं म्हणून
जी येतील ती पुस्तकं येतात.
यंदा खोका तुर्भ्याच्या गोदामातून आला.
एकोणीस पुस्तकं, सगळ्यांची जाडी सारखी,
आणि संपादक म्हणून तीन परदेशी नावं,
जी एकमेकांना कधी भेटली असतील
असं वाटत नाही.

दाखल क्रमांक टाकायचं काम माझं.
चाळलं तेव्हा कळलं,
हे कुणी लिहिलेलं नाही, कुणीकुणी लिहिलेलं आहे.
जालावरच्या फुकटच्या विश्वकोशातले लेख उचलून
एकाखाली एक रचलेत.
मीठ, मोर्स लिपी, मधमाश्यांचे रोग, मंगोल सेनापती :
'म'पलीकडे यांचं नातं काय
ते वर्गीकरणाच्या कोष्टकात मला सापडेना.
मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर.
किंमत एक हजार नऊशे पन्नास.

निळे शब्द छपाईत करडे झालेत.
एकेकाळी बोट ठेवलं की दार उघडायचं,
आता नुसते अधोरेखित,
परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी रेघा ओढाव्यात तसे.
प्रत्येक मथळ्याशेजारी 'संपादन' हा शब्द राहून गेलाय.
तिथे मी नखाने टिचकी मारून पाहिली.
कागदच होता.

"फुकटचं विकतात? आणि आपण घेतो?"
डोईफोडे मॅडम म्हणाल्या. मग स्वतःच,
"तसा परवानाच असतो म्हणे.
कुणीही घ्यावं, कुणीही विकावं,
लिहिणाऱ्याचं नाव तेवढं सांगावं."
नावं होती. शेवटच्या चार पानांत, मुंगीएवढी.
त्यातली निम्मी नावं म्हणजे नुसते आकडे.

आमच्या वाचनालयाचं खुणेचं पान सतरावं.
तिथे शिक्का मारताना हात थांबला.

मीठ पिकतं तेव्हा संध्याकाळी
त्याचा बारीक आवाज येतो,
असे जुने आगरी सांगतात.

आणि त्यापुढे चौकटी कंसात : संदर्भ हवा.

हे वाक्य माझं.
पंधरा वर्षांपूर्वी, स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत,
तासाला वीस रुपये मोजून,
बाबांचं कार्य उरकल्यावरच्या आठवड्यात
मी ते टाकलं होतं.
नाव दिलं नव्हतं. त्या आकड्यांतला एक आकडा मी.

जोमा हशा मढवी, मुक्काम घणसोली.
खाजणातल्या उघाडीपाशी
मला खांद्यावरून खाली उतरवायचे
आणि म्हणायचे,
"गप. आयक. मीठ बोलतंय."
मी कान द्यायचो.
चिखलातल्या खेकड्यांची खुडबुड,
त्यांच्या छातीतली घरघर, एवढंच.
खरं सांगतो, मिठाचं मला कधीच ऐकू आलं नाही.
मी हो म्हणायचो.

संदर्भ हवा, असं कुणी अनोळखी माणूस
रात्री जागून लिहून गेला तेव्हा
मी दोन दिवस धुमसत होतो.
बाबांचा पान क्रमांक काय देऊ?
आवृत्ती कितवी? प्रकाशक कोण, खाडी?
आता वाटतं, त्याने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

त्या रात्री घरी मोबाइलवर
मूळ लेख उघडला.
कंस गेलेला. त्या जागी एक छोटा आकडा,
आणि आकड्याच्या मागे तळटीप :
हेच पुस्तक, पान सतरा.

म्हणजे वाक्य माझ्याकडून निघालं,
कुठल्याशा छापखान्यात जाऊन बांधून आलं
आणि स्वतःच स्वतःला साक्षीदार राहिलं.
हे खोडायला हवं, एवढं मला कळतं,
ग्रंथालयशास्त्राचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे.
अंगठा त्या खुणेवर बराच वेळ होता.
खोडलं नाही.

सकाळी लवकर जाऊन कुलूप उघडलं.
पेन्सिलीने, सतराव्या पानाच्या समासात, लिहिलं :
जोमा मढवी, तोंडी. ऐकणारा लहान होता.

पुस्तकात लिहिल्यास पाच रुपये दंड,
ही पाटी माझ्याच अक्षरातली.
पावती फाडली, स्वतःच्या नावाची,
आणि पुस्तक फडताळात लावलं,
मिठाखाली. बाकीचे तीन विषय
सध्या तिथेच राहतील.