टाकळा

भांडुपला, आमच्या मेडिकलसमोर
एक टॉवर सातव्या मजल्यावर थांबलाय,
सहा वर्षं.
निळे पत्रे, आत गंजल्या सळया,
आणि श्रावणापासून कमरेएवढा टाकळा.
कुणी पेरला नाही, कुणी मंजूर केला नाही.

मी गजकर्णाच्या ट्यूबा विकतो.
पंचाहत्तरची, एकशेदहाची.
गिऱ्हाईक आवाज खाली आणतं,
"ते... जांघेतलं,"
आणि मी खाकी पाकिटात घालून देतो, वर न बघता.
मलाही आहे, पट्ट्याखाली, दोन वर्षं.
गल्ल्यामागच्या खणात
अर्ध्या पिळलेल्या अकरा ट्यूबा.

साइट राखते देवकी कामडी, मोखाड्याची.
कार्तिकात एकदा सुटे मागायला आली
आणि नेमकं मला खाजवताना पाहिलं.
हसली नाही.
"शेट, औषध दारात उभं हाय तुमच्या.
सांच्याला पानं मिटून झोपतं, तेच."

पत्र्याच्या फटीतून आडवा होऊन आत गेलो.
वितभर शेंगा, विळ्यासारख्या वाकलेल्या;
हात लागला की तडकायच्या.
बी तपकिरी, कडक, दोन्हीकडून तिरकं छाटल्यासारखं.
नखानं फुटेना.
मूठभर तिनं आंबट ताकात टाकलं, माझ्यासाठी.
उरलेलं रंगाच्या डब्याच्या झाकणावर भाजलं,
विटेनं भरडलं, गूळ घालून उकळलं.
"कॉफी," म्हणाली, आणि मग हसली.

नकाशात जिथं मास्टर बेडरूम आहे
तिथं उकिडवे बसून प्यालो आम्ही.
कडू. जळकट. दुसऱ्यांदा मागावी अशी.
गावात हिचा पाला संपला
की बी, आणि बी संपलं की काहीच नाही,
असं काहीतरी ती सांगत होती;
माझं लक्ष दुकानाकडे,
शटर उघडं होतं.

गुण आला का, ते नाही सांगणार.
भिंतीवर परवाना आहे माझा, फोटोसकट.

पौषात निकाल लागला. जेसीबी एका सकाळीत
सगळं रान उलथून गेला.
देवकीला कुठल्या साइटवर हलवलं
सुपरवायझरला आठवत नाही.
"कोण? ती बाई?" म्हणाला,
आणि मान खाजवत एकशेदहाची मागितली.
दिली.

व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत
थोडं बी आहे माझ्याकडे.
लेबल चिकटवलं, नाव लिहिलं,
एक्सपायरीची रेघ तशीच ठेवली.
शटर ओढण्याआधी कधी हलवून बघतो.
वाजतं.