इतर

तू गेलीस त्या रात्री काहीच आलं नाही.
दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला,
मी भडंगाला फोडणी देत होतो, लसूण करपला.
खात्यातून एकतीस रुपये पंचवीस पैसे वजा.
गुरुङ चिया पसल.

चिया कळलं. पसल अडलं.
मला वाटलं पसा असेल, दोन्ही हातांचा,
दुकानाला असं नाव ठेवणारी माणसं बरी असणार.
शिरगावे मास्तर म्हणाले, अहो, पसल म्हणजेच दुकान.
म्हणू देत.

खातं दोघांचं, म्हणून मेसेज दोन्ही फोनवर.
दीपालीनं जायच्या आधी तुला कपिलतीर्थात नेऊन
भाजीवालीसमोर तीनदा सराव करायला लावला.
त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनापुढं तू फोन असा धरलास
जसं काही बाळाला आरसा दाखवतेयस.

मी फोन करत नाही. तुझ्या बसमध्ये
मंगळवार पेठेतल्या अकरा बायका, सगळ्यांचे कान इकडं.
तूही करत नाहीस. पण येतं की काहीबाही.
एकशे पंचवीस. लोकरीची टोपी असेल.
साडेबासष्ट, आणि दहा मिनिटांनी त्याच दुकानात
पुन्हा साडेबासष्ट.
काय विसरलं होतं? की आवडलं म्हणून मागं फिरलीस?
मेसेजमध्ये विजयमाला नसते,
नुसते खात्याचे शेवटचे चार आकडे.

कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली मी.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी म्हणजे ऊस.
घरीही तेच केलं.
मीठ, काडेपेटी, दळण, सगळं वहीत,
आणि महिन्याच्या तळाला तुझ्या तिरक्या अक्षरात:
इतर, अकरा रुपये. कधी चौदा.
इतर म्हणजे काय, मी विचारायचो.
इतर म्हणजे इतर, म्हणायचीस, आणि भाकरी उलटायचीस.

आता बँक न विचारता सांगते, पैशासकट,
आणि मला कुणाच्या खिडकीत डोकावल्यासारखं होतं.

शनिवारी तीनशे बारा रुपये पन्नास पैसे.
बोट, फेवाताल.
मी चष्मा पुसला.
रंकाळ्यावर, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात,
बोटीत ठेवलेला पाय तू मागं घेतलास.
पाण्याचा भरवसा नाही, म्हणालीस.
बोटवाल्यानं पैसे परत दिले नाहीत
ते मी तुला किती वर्षं ऐकवले.
म्हणजे पाण्याचं भ्या नव्हतंच तर.
वल्ही मी मारणार होतो, त्याचं होतं?

रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो.
म्हैस समोर, धार पेल्यात, फेस मिशीला.
दोन दे, म्हटलं.
संगट कोण हाय, पोरगं विचारतंय.
येतंय, म्हटलं, आणि खांबावरचा चौकोन स्कॅन केला.
चाळीस.
एवढ्यात तुझ्या पर्समध्ये वाजलं असेल.
हिशेबाचं तुला कधी वेड नव्हतं,
पण पेल्याला वीस पडतात हे तुला ठाऊक.
दुसरा पेला फेस बसेपर्यंत धरून उभा राहिलो,
मग मीच प्यालो. टाकणं आपल्यात बसत नाही.

सकाळी सव्वासातला फोन वाजला.
चाळीस रुपये, शून्य पैसे.
दुकानाच्या नावाच्या जागी नुसताच एक नंबर.
कॅलेंडरच्या पाठीवर मांडून पाहिलं,
तिकडचे चौसष्ट होतात, बरोबर चौसष्ट.
चौसष्टला तिथं काय मिळतं
मास्तरांना विचारायला निघालो होतो,
चपला पायात घातल्या, परत काढल्या.
माळ्यावरनं जुनी वही खाली घेतली,
तिच्यात झुरळांनी खाल्लेलं एक पान सोडून
माझ्या सरळ अक्षरात लिहिलं:
इतर, चाळीस.
त्याखाली पुन्हा, इतर, चाळीस.
बेरीज केली नाही.